धमनीचें दर्शन

‘धमनी’ हा शब्द ‘धम्’ म्हणजे फुंकणें या धातूपासून निघाला आहे. लोहाराच्या भात्याशीं ज्या शब्दाचें नातें, त्याच शब्दानें आपल्या पूर्वजांनीं शरीरांतील ह्या नळ्या ओळखिल्या. योगायोग असा कीं, ग्रीक लोकांनीं धमनीस जें नांव दिलें तें मूळचें श्वासनलिकेचें होय. आपल्याकडील शब्दाचा अर्थ पुढें पुष्कळच विस्तारला. सुश्रुतानें नाभीपासून निघणाऱ्या ज्या २४ धमन्या सांगितल्या आहेत, त्यांतून वाताबरोबर पित्त, कफ, रक्त व रस हींहि वाहतात. ग्रीकांचें मात्र तसें झालें नाहीं. धमन्यांत रक्त नसून वायु असतो, असें इ. स. पूर्वी तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया येथील एरासिस्ट्राटस यानें निक्षून सांगितलें, आणि तो कांहीं सामान्य बुद्धीचा मनुष्य नव्हता.

त्याच्या चुकीचें कारण समजून घेण्यासारखें आहे. हृदय थांबलें म्हणजे धमनीच्या लवचिक भिंती आकुंचन पावतात आणि आंतील रक्त शिरांमध्यें लोटलें जातें. म्हणून प्रेत उघडून पाहावें तों शिरा रक्तानें भरलेल्या व धमन्या जवळजवळ रिकाम्या! डोळ्यांनीं पाहिलें तेंच त्यानें लिहिलें. जिवंत माणसाची धमनी कापली असतां रक्त उसळतें, हें त्यासहि ठाऊक होतें. परंतु वायु आधीं निसटून जातो व रिकाम्या जागेंत शिरांतील रक्त धांवतें, असा त्याचा खुलासा तयार होता. पुढें चारशें वर्षांनीं गेलन यानें जिवंत जनावराची धमनी दोन ठिकाणीं दोऱ्यानें बांधली, मधला भाग चिरला, आणि आंत केवळ रक्तच आहे हें दाखवून दिलें. मेलेल्या शरीरानें जिवंत शरीराविषयीं दिलेली साक्ष खोटी ठरण्याचा हा पहिला प्रसंग. धमनी पाहण्याचा पुढील सगळा इतिहास आम्हांस ह्याच एका साक्षीदाराशीं चाललेल्या वादासारखा वाटतो. सांप्रत ज्याच्या त्याच्या तोंडीं असलेलें ‘सी. टी. अँजिओग्राफी’ हें नांव त्या वादांतील सर्वांत अलीकडील निकालाचें होय.

क्ष-किरणांचा शोध रंटगेन यास ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं व्यूर्त्सबुर्ग येथें लागला. ही वार्ता बाहेर फुटून फार दिवस झाले नाहींत तोंच, जानेवारी १८९६ मध्यें व्हिएन्ना येथें हाशेक व लिंडेनथाल या दोघांनीं प्रेताचा एक तोडलेला हात घेतला, त्याच्या धमन्यांत चुना, हिंगूळ व खनिज तेल यांचें मिश्रण भरलें, आणि ५७ मिनिटें किरण पाडून त्याचें छायाचित्र काढलें. त्या चित्रांत मनगटापासून बोटांच्या टोंकांपर्यंत धमन्यांचें जाळें झाडाच्या फांद्यांप्रमाणें स्पष्ट उमटलें. मिश्रण भरण्याचें कारण उघड आहे. हाडांत चुन्याचा अंश असल्यामुळें तीं किरणांस अडवितात. रक्त आणि त्याभोंवतालचें मांस हीं दोन्ही मात्र किरणांच्या दृष्टीनें जवळजवळ सारखींच. म्हणून धमनीची छाया पाहावयाची तर तींत किरणांस अडविणारा एखादा जड पदार्थ घालणें भाग होतें. हिंगुळांत पारा असतो, म्हणून तो चालला. परंतु पारा व चुना जिवंत माणसाच्या रक्तांत कोण घालणार? चित्र सुंदर होतें, पण तें पुन्हां मृताचेंच.

जिवंतांस सोसेल असा द्रव सांपडण्यास सुमारें तीस वर्षें लागलीं. १९२३ मध्यें जर्मनींत बेर्बेरिख व हिर्श यांनीं स्ट्राँशियम ब्रोमाइड वापरलें, १९२४ मध्यें अमेरिकेंत बार्नी ब्रूक्स यानें सोडियम आयोडाइड घालून पायाच्या धमन्या पाहिल्या. मेंदूच्या धमन्यांचें धाडस पोर्तुगालमध्यें झालें. लिस्बन येथील एगाझ मोनिझ हा मेंदूचा वैद्य तसाच राजकारणी गृहस्थ. पहिल्या महायुद्धानंतरच्या पॅरिसच्या तहपरिषदेंत पोर्तुगालच्या मंडळाचें नेतृत्व त्यानें केलें होतें. वय बावन्न, आणि संधिवातानें हात इतके वांकडे झालेले कीं सुई स्वतः टोंचणें अशक्य. तें काम त्याचा तरुण सहकारी आल्मेडा लिमा करी. प्रथम त्यांनीं प्रेतांच्या मस्तकांवर प्रयोग केले व तेथें सर्व कांहीं ठीक जमलें. परंतु प्रेताच्या मस्तकांत घातलेला द्रव घातल्या ठिकाणीं राहतो. जिवंत मस्तकांत रक्ताचा ओघ त्यास दोनचार सेकंदांत वाहून नेतो, आणि जातां जातां तो द्रव मेंदूस बाधतोहि. आरंभीं वापरलेल्या स्ट्राँशियम ब्रोमाइडमुळें एक रोगी दगावला. मोनिझ थांबला, विचार केला, द्रव बदलून सोडियम आयोडाइड घेतलें, आणि अखेर २८ जून १९२७ रोजीं एका जिवंत माणसाच्या मेंदूच्या धमन्या कांचेवर उमटल्या. धमन्या आपल्या जागेवरून कोणत्या बाजूस ढकलल्या गेल्या आहेत हें पाहून आंतील गांठ कोठें आहे हें सांगतां येऊं लागलें. मोनिझ यास १९४९ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें तें ह्या कामासाठीं नव्हे. वेडावर उपाय म्हणून मेंदूचे तंतू छेदण्याची जी शस्त्रक्रिया त्यानें सुरू केली, तिच्यासाठीं. ती शस्त्रक्रिया आज कोणी करीत नाहीं. धमन्यांचें चित्र मात्र रोज हजारों ठिकाणीं काढलें जातें. पारितोषिकें देणाऱ्यांचाहि अंदाज चुकतो तो असा.

ह्याच काळांतील एक प्रकरण सांगावयास बरें वाटत नाहीं, तरी सांगितलें पाहिजे. आयोडाइड टोंचलें असतां दाह होई. म्हणून १९३० च्या सुमारास थोरियमच्या भस्मापासून केलेला ‘थोरोट्रास्ट’ नांवाचा द्रव बाजारांत आला. तो टोंचतांना दुखत नसे, चित्र अप्रतिम येई, आणि तत्काळ अपाय म्हणून कांहींच दिसत नसे. वैद्यांनीं तो आनंदानें वापरला, मोनिझनेंहि वापरला. पण थोरियम हा किरणोत्सर्गी पदार्थ. त्याचें तेज निम्म्यावर येण्यास सुमारें चौदाशें कोटि वर्षें लागतात. शिवाय शरीर त्यास बाहेर टाकूं शकत नाहीं. तो यकृतांत व प्लीहेंत जाऊन बसतो. वीस-तीस वर्षांनीं त्या रोग्यांच्या यकृतांत कर्करोग आढळूं लागले. ज्या चित्रासाठीं हा द्रव टोंचला तें चित्र तोंवर फायलींत पिवळें पडलेलें होतें. धोक्याची शंका त्या काळींहि कित्येकांनीं बोलून दाखविली होती. दुखत नाहीं या एका गुणापुढें ती टिकली नाहीं.

पुढील कांहीं टप्पे भराभर ओलांडूं. १९२९ मध्यें जर्मनींतील एबर्सवाल्ड येथें पंचविशीच्या घरांतील वेर्नर फोर्समान यानें स्वतःच्या हाताच्या शिरेंतून बारीक रबरी नळी हृदयापर्यंत सारली आणि तशा स्थितींत चालत जाऊन क्ष-किरणांचें चित्र काढून घेतलें. १९५३ मध्यें स्वीडनच्या सेल्डिंगर यानें धमनींत नळी घालण्याची एक साधी युक्ति प्रसिद्ध केली: पोकळ सुई टोंचावी, तिच्यांतून तार सरकवावी, सुई काढून घ्यावी, आणि तारेवरून नळी आंत न्यावी. ही युक्ति आजहि जशीच्या तशी वापरतात.

राहतां राहिलें हृदय. हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत द्रव घातला तर तें तत्क्षणीं बंद पडेल, अशी सर्वांची समजूत होती. ३० ऑक्टोबर १९५८ रोजीं अमेरिकेंतील क्लीव्हलँड येथें मेसन सोन्स हा एका तरुण रोग्याच्या महाधमनींत द्रव सोडीत असतां नळीचें टोंक चुकून हृदयाच्या उजव्या धमनींत शिरलें व जवळजवळ सर्व द्रव तेथेंच गेला. सोन्स टेबलाखालच्या खड्ड्यांत बसून पडद्याकडे पाहत होता. तो धांवत वर आला, आणि छाती उघडावी लागणार म्हणून शस्त्र शोधूं लागला. हृदय थांबलें होतें. त्यानें रोग्यास खोकण्यास सांगितलें. रोगी शुद्धीवर होता, तो खोकला, आणि हृदय पुन्हां चालूं लागलें. जी गोष्ट करण्याचें धैर्य कोणास झालें नसतें ती चुकीनें घडली व निभावली. तेथून हृदयाच्या धमन्यांचें चित्र काढण्याची विद्या सुरू झाली. बायपासची शस्त्रक्रिया व फुग्यानें धमनी रुंद करण्याचा उपाय हे दोन्ही त्या चित्राच्या आधारानें उभे राहिले.

येथपर्यंतच्या प्रत्येक पद्धतींत दोन उणिवा राहिल्या. पहिली उघडच आहे: धमनी पाहावयाची तर धमनींत शिरावें लागे, आणि शिरतांना क्वचित् तिची भिंत फाटे, क्वचित् आंतील गुठळी सुटून मेंदूकडे जाई. दुसरी उणीव अधिक सूक्ष्म. ह्या चित्रांत दिसते ती धमनी नव्हे, धमनीची पोकळी. नदीचें पाणी दिसावें आणि कांठ दिसूं नये, तसें. रोग असतो तो कांठांत. १९८७ मध्यें शिकागोच्या ग्लागोव्ह व त्याच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, भिंतींत चरबीचा थर सांचूं लागला म्हणजे धमनी प्रथम बाहेरच्या बाजूस फुगते. थरानें सुमारें ४० टक्के जागा व्यापीपर्यंत पोकळी जशीच्या तशी राहूं शकते. म्हणजे चित्र निर्दोष, आणि धमनी रोगट! प्रेतांच्या धमन्या तपासून निघालेला हा निष्कर्ष आहे, हें येथें प्रांजळपणें नमूद केलें पाहिजे. ह्या वेळीं मृतांची साक्ष खरी ठरली.

ह्या दोन्ही उणिवांचें उत्तर शस्त्रवैद्यांकडून आलें नाहीं. तें आलें बेरजेंतून. वहीच्या पानावर चौकटी आंखून प्रत्येकींत एक आंकडा लिहावा, मग आंकडे झांकून ठेवावे, आणि केवळ उभ्या, आडव्या व तिरप्या ओळींच्या बेरजा दुसऱ्यास सांगाव्या. बेरजा पुरेशा असतील तर तो प्रत्येक चौकटींतील आंकडा काढूं शकेल. शरीराच्या एका पातळ कापाकडे असेंच पाहतां येतें: एका बाजूनें किरण सोडला व दुसऱ्या बाजूस तो किती उरला हें मोजलें, म्हणजे वाटेंतील सर्व चौकटींची मिळून एक बेरीज हातीं आली. ह्या कोड्याचें गणिती उत्तर योहान राडोन यानें १९१७ मध्येंच लिहून ठेविलें होतें. वैद्यांस त्याचा पत्ता नव्हता. दक्षिण आफ्रिकेच्या ॲलन कॉर्मॅक यानें तें स्वतंत्रपणें पुन्हां सोडविलें व १९६३-६४ मध्यें प्रसिद्ध केलें. त्याकडेहि कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं.

तें प्रत्यक्षांत आणणारा गॉडफ्रे हाउन्सफील्ड हा इंग्लंडांतील नॉटिंगहॅमशायरच्या शेतावर वाढलेला, युद्धकाळांत रडारचें काम शिकलेला, विश्वविद्यालयाची मोठी पदवी नसलेला एंजिनियर. तो ज्या ई. एम. आय. कंपनींत होता, तिच्याच कुत्र्याच्या छापाच्या तबकड्या आपल्याकडील घरोघरच्या ग्रामोफोनवर वाजल्या आहेत. बीटल्सच्या गाण्यांच्या पैशांतून हें यंत्र झालें, असें जें म्हणतात तें ऐकावयास गोड आहे. पण ब्रिटिश सरकारच्या आरोग्यखात्यानेंहि त्यांत पैसा घातला होता, हें त्या गोष्टींत कोणी सांगत नाहीं. पहिल्या प्रयोगांत एका चित्रासाठीं मोजमापास नऊ दिवस व हिशेबास अडीच तास लागले. मग संग्रहालयांतील औषधांत ठेविलेला माणसाचा मेंदू आणून त्याचें चित्र काढलें, तों मेंदूचे करडे व पांढरे भाग वेगवेगळे दिसले. सर्वांस आनंद झाला. पण लौकरच कळलें कीं, फॉर्मॅलिनमुळें तो भेद खऱ्याहून अधिक उठून दिसत होता. मृतानें पुन्हां फसविलें! मग ताज्या मारलेल्या बैलांचे मेंदू आणून काम पुढें चालविलें. शेवटीं १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनच्या विंबल्डन भागांतील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयांत एका स्त्रीच्या मस्तकाचें चित्र निघालें, व त्यांत तिच्या मेंदूंतील गांठ दिसली. एकेक अंश फिरून १८० दिशांनीं घेतलेलीं २८,८०० मोजमापें आणि त्यांतून काढलेल्या ८० गुणिले ८० चौकटी, एवढें तें चित्र. हाउन्सफील्ड व कॉर्मॅक यांस १९७९ चें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. पाण्यास शून्य व हवेस उणें एक हजार मानून प्रत्येक चौकटीस जो आंकडा देतात, त्यास आजहि हाउन्सफील्डचेंच नांव आहे.

मस्तक स्थिर ठेवतां येतें. हृदय कसें ठेवणार? एका कापास कांहीं मिनिटें लागत होतीं, आणि हृदय मिनिटास सत्तर वेळां हलतें. त्याच्या धमन्यांची रुंदी तीन-चार मिलिमीटर. हा अडसर दूर होण्यास आणखी तीस वर्षें गेलीं. प्रथम वीज पुरविणाऱ्या तारांचा गुंता काढून यंत्र एकाच दिशेनें अखंड फिरतें केलें. १९८९ मध्यें फिरत्या यंत्रांतून रोग्याचें टेबल सावकाश सरकवून मळसूत्राच्या आकाराचें चित्र घेण्याची रीत पुढें आली, आणि एका श्वासांत छाती किंवा पोट पाहून होऊं लागलें. मग एकाच फेऱ्यांत १९९८ मध्यें चार, २००४ मध्यें चौसष्ट व २००७ मध्यें तीनशें वीस काप घेणारीं यंत्रें आलीं. हृदयाच्या विजेची लहर शेजारीं नोंदवीत राहावयाचें, आणि दोन ठोक्यांच्या मध्यें हृदय क्षणभर विसांवतें तेवढ्याच वेळचीं मोजमापें निवडून घ्यावयाचीं. सुई लागते, परंतु ती धमनींत नव्हे, हाताच्या शिरेंत. तेथून घातलेलें आयोडीन फुप्फुसांतून फिरून डाव्या हृदयांत व धमन्यांत पोंचतें, त्या वेळीं यंत्र फिरतें. ब्रूक्स व मोनिझ यांनीं ज्या मूलद्रव्याचा आश्रय केला तेंच हें आयोडीन. फक्त आतांचीं त्याचीं संयुगें पुष्कळ सौम्य आहेत.

आणि ह्या चित्रांत कांठ दिसतो. भिंतींतील चुन्याचा कण कोणता, मऊ चरबीचा थर कोणता, पोकळी किती उरली, हें सर्व एकत्र दिसतें. त्याचा उपयोग किती, याचें एक मोजलेलें उत्तर स्कॉटलंडांत मिळालें. छातींत दुखतें म्हणून आलेल्या ४,१४६ रोग्यांपैकीं निम्म्यांस नेहमींच्या तपासणीबरोबर हें चित्रहि काढलें. २०१८ मध्यें पांच वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला तेव्हां हृदयविकारानें मृत्यु किंवा हृदयाचा झटका यांचें प्रमाण चित्र न काढलेल्यांत ३.९ टक्के, काढलेल्यांत २.३ टक्के निघालें. चित्रानें कोणी बरा होत नसतो. भिंतींतील थर दिसल्यामुळें अधिक लोकांस वेळेवर औषधें सुरू झालीं, एवढेंच. मेंदूच्या बाबतींतहि तसेंच. पक्षाघाताचा रोगी आला म्हणजे कोणती धमनी तुंबली आहे हें ह्याच चित्रानें कांहीं मिनिटांत कळतें, आणि ती गुठळी नळीनें ओढून काढली तर कित्येक रोगी पुन्हां चालूं-बोलूं लागतात, हें २०१५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अनेक चाचण्यांनीं ठरलें.

यंत्र निर्दोष आहे असें मात्र कोणी समजूं नये. किरणांची मात्रा पूर्वीपेक्षां पुष्कळ उतरली असली तरी ती आहेच. मूत्रपिंडें दुबळीं असणारास आयोडीन जपून द्यावें लागतें. आणि भिंतींत चुना फार असला तर तो चित्रांत फुगून दिसतो व पोकळी आहे त्याहून अरुंद वाटते. तुंबलेली धमनी उघडावयाची तर नळी घालावीच लागते, सेल्डिंगरच्या तारेवरूनच. कांहींहि दुखत नसतां, केवळ शेजाऱ्यानें केलें म्हणून, घरांतील धडधाकट माणसास ह्या यंत्रांत घालून आणण्याची जी हौस हल्लीं कित्येक कुटुंबांत दिसते, ती आम्हांस थोरोट्रास्टच्या काळची आठवण करून देते. तेव्हांहि कारण हेंच होतें, कीं दुखत नाहीं.

आतां शेवटची एक हकीगत. कैरोच्या संग्रहालयांत मेर्नेप्टा नांवाच्या फॅरोहाचें मसाला भरून ठेविलेलें प्रेत आहे. त्याच्या महाधमनीचा तुकडा लंडनमध्यें १९०९ सालीं सूक्ष्मदर्शकाखालीं तपासला गेला होता व तींत चुना सांचलेला आढळला होता. शंभर वर्षांनीं कैरोच्या अदेल आल्लाम व अमेरिकेच्या ग्रेगरी टॉमस या दोन हृदयवैद्यांनीं त्या प्रेताशेजारची पाटी वाचली. त्यांचा विश्वास बसेना. धमन्यांचा हा रोग आगगाडी, सिगारेट व बैठ्या नोकऱ्या यांच्याबरोबर आलेला, असेंच आपण सर्व धरून चालतों. त्यांनीं २२ ममींस सी. टी. यंत्रांत घातलें. १६ जणांच्या धमन्या किंवा हृदय ओळखूं येत होतें; त्यांपैकीं ९ जणांच्या धमन्यांत चुना निश्चित किंवा बहुधा असल्याचें २००९ मध्यें प्रसिद्ध झालें. मग इजिप्तच्या बाहेर जाऊन पेरू, अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग आणि उत्तरेचीं अल्यूशियन बेटें येथील प्रेतें घेतलीं. बेटांवरील लोक तर शिकार व मासेमारी करून राहणारे, शेती न जाणणारे. २०१३ मध्यें १३७ ममींचा हिशेब लागला, त्यांत ४७ जणांच्या धमन्यांत हा रोग होता. कारणाचा वाद मिटलेला नाहीं. चुलींचा धूर, सततचे जंतुविकार, आनुवंशिकता असे निरनिराळे तर्क चालू आहेत.

ह्या ममींत अहमोस-मेरितामोन नांवाची एक राजकन्या होती. इ. स. पूर्वी १५५० च्या सुमारास थीब्ज येथें ती चाळिशींत वारली. तिच्या हृदयाच्या धमन्यांत चुन्याचे कण यंत्रानें पांढरे ठळक दाखविले. हृदयाच्या धमन्यांच्या रोगाचें इतकें जुनें उदाहरण तोंवर कोणास ठाऊक नव्हतें. तिच्या हाताच्या शिरेंत आयोडीन घालण्याचा प्रश्नच नव्हता. साडेतीन हजार वर्षें तिच्या धमन्यांत वाऱ्याखेरीज कांहींहि वाहिलें नव्हतें.